वसाहतकालीन चित्रावर टिपण लिहायचं असेल तर खालची ओळ शेवटी वाचा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या टिपणांची पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असते. ‘प्रस्तुत चित्रात अमुक जमातीची स्त्री दिसते.’ कशावरून? चित्राखाली तसं छापलंय म्हणून. शेवटची ओळही ठरलेली, ‘यावरून इंग्रजांचा वर्णद्वेष दिसून येतो.’ या दोन ओळींच्या मध्ये जे चित्र असतं, त्याकडे कुणी पाच मिनिटंसुद्धा बघितलेलं नसतं.

एम.ए.चा प्रकल्प करणारे, चित्रकला महाविद्यालयातले विद्यार्थी, शाळेत प्रदर्शन मांडणारे शिक्षक आणि आजोबांच्या ट्रंकेत जुनं छापचित्र सापडलेले लोक, हे सगळे चुकतात ते क्रमात. म्हणून इथे क्रमावरच जोर दिलाय. टप्पे उलटसुलट केलेत तर पुढचं वाचून काही उपयोग नाही.

## तयारी

एकच चित्र घ्या. पाच चित्रांची तुलना नंतर. चित्र कुठून घ्यायचं? सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, नागपूरकरांच्या पायाखालचं आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातले जुने सचित्र ग्रंथ आहेत. परदेशी संग्रहांनी चांगल्या स्कॅन प्रती इंटरनेटवर मोकळ्या ठेवल्या आहेत, त्याही चालतील. मात्र स्कॅन घेताना ज्यात कागदाच्या चारही कडा दिसतात तोच घ्या. कडा कापलेला स्कॅन म्हणजे सातबारा फाडून घेतलेली जमीन.

सोबत ठेवायच्या वस्तू: पेन्सिल (जुन्या कागदाजवळ पेन अजिबात नको), कोरी वही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, आणि काळी ओढणी किंवा गडद रंगाचा मोठा रुमाल. काचेमागच्या चित्रात आपलंच प्रतिबिंब दिसतं, तेव्हा कुणाला तरी तो रुमाल पाठीमागे धरायला सांगा. फोटोची परवानगी आधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा. आणि सकाळी जा. मे महिन्यात भर दुपारी पायी गेलेला अभ्यासक फक्त उन्हाचंच टिपण घेऊन परत येतो.

वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा: ‘दिसतं’, ‘छापलंय’, ‘मला वाटतं’, ‘तपासायचंय’. सगळं काम या चार रकान्यांवर उभं आहे. ‘उघड्या पायांचा माणूस’ हे पहिल्या रकान्यात, ‘गरीब माणूस’ हे तिसऱ्यात. ही सवय लागायला दोन चित्रं जावी लागतात, तोवर खोडरबर जवळ ठेवा.

> तपासा: ‘दिसतं’ या रकान्यात एकही विशेषण असं नको, जे पैसा, स्वभाव किंवा जात सांगतं. ‘रानटी’, ‘भोळा’, ‘रुबाबदार’, ‘खानदानी’ हे सगळे शब्द तिसऱ्या रकान्यात हाकला.

## टप्पा १: ओळ झाका आणि वीस मिनिटं बघा

चित्राखालची ओळ कागदाच्या पट्टीनं झाकून टाका. स्क्रीनवर असेल तर चिकटचिठ्ठी लावा. हसू नका, नुसतं ‘मी वाचणार नाही’ म्हटल्यानं डोळा थांबत नसतो.

आता वहीत एक चौकट काढून माणसांच्या जागी नुसते गोळे करा. कोण वर, कोण खाली? कोण बसलंय, कोण उभं? चित्राबाहेर, थेट आपल्याकडे कोण बघतंय? उजेड कुणाच्या तोंडावर पडलाय? कुणाच्या हातात वस्तू आहे, आणि ती वस्तू घेतली जातेय की दिली जातेय?

एक उदाहरण हाताशी ठेवा. स्पिरिडिओने रोमा या चित्रकारानं १७७८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीच्या छतासाठी एक मोठं चित्र केलं. पूर्वेकडचे देश आपली संपत्ती ब्रिटानियाला, म्हणजे बाईच्या रूपातल्या ब्रिटनला, अर्पण करतात, असा त्याचा विषय. गोळे काढून बघा. गोरी ब्रिटानिया उंच खडकावर रेलून बसलेली. सावळी भारत-स्त्री खाली, रत्नं-मोत्यांनी मढलेला मुकुट वर धरून. चीन चहा आणि चिनी मातीची भांडी घेऊन आलेला. पायथ्याशी सिंह, मागं जहाज. गोळ्यांना जोडणारी रेघ ओढलीत की ती डावी-उजवी न जाता खालून वर चढते. चामडीचा रंगही त्याच रेघेनं उजळत जातो. चित्राचा युक्तिवाद सगळा त्या चढात आहे, आणि तो बघायला शीर्षक लागत नाही.

मग चौथ्या रकान्यात साल लिहा आणि विचारा, त्या साली खरोखर काय चाललं होतं? कंपनीला बंगालची दिवाणी १७६५ मध्ये मिळाली होती, १७७० मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला होता. आणि १७७८ मध्ये इथे नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं, कुणी मुकुट काढून द्यायला निघालं नव्हतं. ‘भारत’ नावाची एक बाई लंडनच्या छतावर आधी तयार झाली, आणि तो अख्खा मुलूख एका सरकारच्या हाताखाली यायला अजून कित्येक दशकं होती. राष्ट्राला बाईचं रूप देण्याची ही रीत लक्षात ठेवा, सहाव्या टप्प्यात ती परत येणार आहे.

> तपासा: पहिला रकाना चित्र न पाहिलेल्या मित्राला वाचून दाखवा. त्याला ढोबळ आकृती काढता आली तर पुढे जा. नाही आली तर परत बघा.

## टप्पा २: हे नेमकं काय आहे ते ठरवा

‘जुना फोटो’ म्हणून आलेल्या गोष्टी पुष्कळदा फोटोवरून केलेली छपाई असतात, आणि ‘पेंटिंग’ म्हणून आलेल्या शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेली चित्रं. भिंग लावा. ओळीत बसलेले एकसारखे ठिपके दिसले तर ते पुस्तकातलं किंवा मासिकातलं छापील चित्र. खडूनं खरखरीत दगडावर ओढल्यासारखा रवा दिसला तर शिळाछाप. रंग रेषेबाहेर सांडलेला दिसला तर तो नंतर हातानं भरलाय.

हा शेवटचा मुद्दा साधा नाही. हातानं रंगवलेल्या छापचित्राच्या दोन प्रतींत त्याच माणसाची कातडी एकीत गव्हाळ, दुसरीत कोळशासारखी असू शकते. रंग भरणारा कारागीर हिंदुस्थानात आलेलाच असेल असंही नाही. तेव्हा एका प्रतीवरून ‘चित्रकारानं त्यांना मुद्दाम काळं दाखवलं’ असं लिहिलंत की फसलात.

फोटोत तर याहून मोठा खड्डा आहे. १८५० च्या दशकापासून साधारण १८८० पर्यंत फोटो निघत ते ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे चिकट रसायनाचा ओला लेप दिलेल्या, काचेवर. ही काच निळ्या उजेडाला फार हळवी, आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी. परिणाम काय? आकाश पांढरंफटक, लाल लुगडं काळं, आणि तपकिरी कातडी आहे त्यापेक्षा कितीतरी गडद. गव्हाळ माणूसही त्या काचेवर सावळा उमटतो. हा आधी रसायनाचा दोष. पुढे त्याच गडद फोटोवरून कुणी ‘वंश’ ठरवला असेल तर तो ठरवणाऱ्याचा दोष. टिपणात दोन्ही वेगवेगळं लिहा.

चेहऱ्यांचंही तसंच. काही सेकंद हलायचं नाही, ऊन डोळ्यांवर, समोर तिपाईवर पेटी. अशा वेळी तुमचाही चेहरा ‘संशयी आणि रागीट’ दिसेल. आधार कार्डावरचा स्वतःचा फोटो आठवा.

> सावधान: समोरचं चित्र पहिल्या दिवसापासून असंच होतं, असं धरून चालू नका. जोसेफ नोएल पेटननं १८५७ च्या उठावावरचं ‘इन मेमोरियम’ १८५८ मध्ये लंडनला मांडलं, तेव्हा तळघरात दडलेल्या गोऱ्या बायकामुलांवर दारातून हिंदी शिपाई चाल करून येत होते. टीका झाली. चित्रकारानं शिपाई पुसून तिथे सुटकेला आलेले स्कॉटिश सैनिक रंगवले. बायकामुलं तीच, दार तेच, गोष्ट उलटी. फेलिचे बेआतोच्या लखनौच्या सिकंदरबागेच्या फोटोत अंगणभर हाडं दिसतात. लढाई नोव्हेंबर १८५७ ची, फोटो १८५८ चा. त्याला ‘लढाईचा फोटो’ म्हणू नका.

## टप्पा ३: चित्राचे भाऊबंद शोधा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच सगळ्यात जास्त सापडतं. आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात.

वसाहतकालीन माणसांची चित्रं सहसा एकटी नसतात. जातींचे, धंद्यांचे संच निघत: कुंभार, न्हावी, भिश्ती, साधू, प्रत्येकाचं एक पान. फोटो आल्यावर तीच रीत पुढे गेली. वॉटसन आणि के यांनी संपादलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाला. त्यात साडेचारशेच्या वर फोटो आहेत, आणि बहुतेक पानांवर माणसाचं नाव नाही, जमातीचं आहे. तुमचं चित्र अशा एखाद्या संचातलं आहे का, क्रमांक काय, आधीचं आणि नंतरचं पान कोणतं, हे बघा. मग उलटा प्रश्न विचारा: या संचात कुणाचं पान नाही? हैदराबादचा अरब सापडेल, डोंगरातला गोंड सापडेल. मँचेस्टरचा गिरणीमालक, नागपूरचा कमिशनर ‘नमुना’ म्हणून सापडणार नाही.

‘नमुना’ हा शब्द मी पदरचा घालत नाही. जबलपूरला १८६६-६७ मध्ये प्रदर्शन भरलं, तेव्हा मध्य प्रांतानं, ज्याचा कारभार नागपुरातून चाले, डोंगरी जमातींची माणसं तिथे आणवली, तपासली आणि त्यावर अहवाल लिहवला. त्या अहवालाच्या इंग्रजी नावातच माणसांसाठी ‘स्पेसिमेन’ हा शब्द आहे. धान्याचा नमुना, लाकडाचा नमुना, माणसाचा नमुना. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, लँप्री नावाच्या माणसानं लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांच्या चौकोनांची जाळी सुचवली. तिच्यापुढे उघडा माणूस उभा करून फोटो काढायचा, म्हणजे दोन माणसांची मापं घरबसल्या ताडता येतील. तुमच्या फोटोत मागं चौकटीचा पडदा दिसला, किंवा तोच माणूस एकदा समोरून आणि एकदा बाजूनं दिसला, तर तो या रीतीचा फोटो आहे. त्यात ‘भाव’ शोधत बसू नका. तो टिपायचाच नव्हता.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मी जुन्या फोटोखाली बिनदिक्कत लिहिलं, ‘पाणी भरायला निघालेली गोंड स्त्री’. मूळ इंग्रजी ओळीत तसंच होतं. बघायला आलेल्यांत एक वयस्कर गोंड बाई होत्या. त्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, मग मला बोलावलं.

“मॅडम, हिच्या डोक्यावर चुंबळ कुठं हाय?”

मी बघितलं. घडा थेट केसांवर ठेवलेला. खाली कापडाची चुंबळ नाही.

“अन् हात पाहा. दोन बोटांनी धरलाय. भरला घडा असा धरते का कोणी? रिकामा हाय तो. उभी केली तिले कोणी तरी.”

त्या रात्री मी संच परत काढला. तीन पानांपुढे दुसऱ्या जमातीच्या नावाखाली दुसरी बाई, आणि तिच्या डोक्यावर तोच घडा. काठावरचा टवका त्याच जागी उडालेला. घडा फोटोवाल्याचा होता. इतकी वर्षं चित्रं बघून जे मला दिसलं नाही, ते रोज पाणी भरणाऱ्या बाईला दोन मिनिटांत दिसलं.

> तपासा: संचातली निदान दहा पानं शेजारी ठेवा. परत परत येणारं भांडं, सतरंजी, पडद्याची घडी, खांब शोधा. आणि चित्रातलं काम स्वतः करणाऱ्या एका माणसाला चित्र दाखवा: विणकर असेल तर कोष्टी, नांगर असेल तर शेतकरी. याला पर्याय नाही.

## टप्पा ४: आता पट्टी काढा आणि ओळ शब्दाशब्दानं फोडा

ओळ ‘छापलंय’ रकान्यात आहे तशी उतरवा, जुन्या स्पेलिंगसकट. मग भाषांतर. इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण इंग्रजी ‘रेस’ दिसला की आपण डोळे मिटून ‘वंश’ लिहितो.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द सैल होता. मराठी बोलणारे लोक, शीख, राजपूत, गोंड, सगळ्यांना तो लावलेला सापडतो. कधी भाषेवरून, कधी धर्मावरून, कधी मुलखावरून. शतकाच्या अखेरीस तो आवळला जातो. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ली नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर असं गणित करून जाती वर-खाली लावत होता. म्हणजे १८६० च्या ओळीतला ‘रेस’ आणि १९०० च्या ओळीतला ‘रेस’ यांचं मराठी एकच करून चालणार नाही. साल बघून कधी ‘लोक’, कधी ‘समाज’, आणि कधी खरोखर ‘वंश’.

‘ट्राइब’ला सरसकट ‘आदिवासी’ म्हणू नका. तो शब्द आपल्या वापरात विसाव्या शतकात आला, आणि हक्काची मागणी घेऊन आला. १८६० च्या साहेबाच्या तोंडी तो घातला की तुम्ही त्याला फुकटात सज्जन करून टाकता. शिवाय गोंड स्वतःला कोईतूर म्हणवतात, हे नाव टिपणात यायलाच हवं.

‘क्रिमिनल ट्राइब’ दिसलं तर ते १८७१ च्या कायद्याचं लेबल आहे, माणसाचं वर्णन नाही. कायदा १९५२ मध्ये गेला, लेबल अजून गेलेलं नाही. विदर्भात पारध्यांना विचारा. अशी ओळ प्रदर्शनात सुटी, खुलाशाशिवाय लावणं हा निव्वळ निष्काळजीपणा.

ओळ लिहिणारा कोण, हेही बघा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये वारला, त्याची मध्य प्रांतातल्या जमातींवरची कागदपत्रं तिथला चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यानं १८६६ मध्ये संपादून काढली. त्यातलं वाक्य देताना ते मिशनऱ्याचं की चीफ कमिशनरचं, हे नीट पाहून लिहा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या, मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या १९१६ च्या चार खंडांना नुसतं ‘इंग्रजांनी लिहिलं’ म्हणणं म्हणजे मुखपृष्ठसुद्धा न वाचणं.

## टप्पा ५: मागवलं कुणी, उभं कोण राहिलं

थोडक्यात तीन प्रश्न: पैसे कुणाचे, हात कुणाचा, आणि उभ्या राहिलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत होतं का?

तिसरा प्रश्न विसरू नका. १८८६ मध्ये लंडनच्या मोठ्या वसाहत प्रदर्शनात हिंदी कारागीर लोकांसमोर बसून काम करत होते. ते पिढीजात कारागीर म्हणून मिरवले गेले. आले होते आग्र्याच्या तुरुंगातून, कैदी म्हणून. व्हिक्टोरिया राणीनं त्यांची चित्रं रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून करवून घेतली. त्यांत बक्षीराम नावाचा म्हातारा कुंभार आहे. चित्र सुंदर आहे, आणि जमातीच्या नावाऐवजी माणसाचं नाव आहे, हेही खरं. टिपणात तिन्ही गोष्टी येऊ द्या: नाव, कारागिरी, तुरुंग.

## टप्पा ६: समोर आपलं चित्र ठेवा

नुसतं साहेबाचं चित्र वाचून थांबलात तर काम अर्धं राहिलं. राष्ट्राची ओळख घडवताना आपल्या चित्रकारांनी त्याच साच्यांचं काय केलं, हे बघायचं आहे.

रविवर्म्याचं १८८९ चं वादक स्त्रियांचं चित्र घ्या. निरनिराळ्या प्रांतांच्या पेहरावातल्या अकरा जणी एकत्र आल्या आहेत. जातींच्या संचात त्या अकरा वेगळ्या पानांवर आल्या असत्या. इथे एकाच बैठकीत आहेत, सूर लावायला. देश कसा दिसतो याचं हे एक उत्तर. आता टप्पा एकचे गोळे इथेही काढा, तितक्याच निष्ठुरपणे. कातडीचे रंग मोजा. आणि सातपुड्यातली, बस्तरची, गडचिरोलीकडची बाई त्या बैठकीत शोधा.

मग अवनींद्रनाथ टागोरांची १९०५ ची ‘भारतमाता’: भगव्या वस्त्रातली, चार हातांत पोथी, धान्याच्या लोंब्या, माळ, शुभ्र वस्त्र. रोमाच्या छतावरच्या बाईशेजारी ठेवा. तिथे ती वर देते, इथे आपल्याला देते. बाई म्हणजे देश, ही रीत मात्र कायम. आणि शेवटी नंदलाल बोस यांची १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठीची फलकचित्रं. तिथे पुन्हा चांभार, ढोलकीवाला, सुतार येतात, जातींच्या संचातलीच ही मंडळी. पण कुणी कॅमेऱ्यापुढे ताठ उभं नाही, सगळे कामात वाकलेले आहेत. माझ्या मते रविवर्म्यापेक्षा हे उत्तर कितीतरी सरस. तुमचं मत वेगळं असेल तर गोळे काढून दाखवा.

> सावधान: ‘ते वर्णद्वेषी, आपले देशभक्त’ अशी दोन खोकी करू नका. गोरेपणाची हौस ओलिओग्राफातून, म्हणजे देवादिकांच्या रंगीत छापील चित्रांतून, आपल्या देवघरात शिरली, हे लिहायला कचरू नका.

## टप्पा ७: लिहा, आणि मग लावा

क्रम असा ठेवा: दिसतं, माध्यम, संच, ओळ आणि तिचे शब्द, माणूस आणि पैसा, समोरचं चित्र. निर्णय शेवटी, दोन वाक्यांत. सातशे शब्द पुष्कळ झाले. ‘मला वाटतं’ रकान्यातलं जे कशानंच सिद्ध झालं नाही ते गाळा, कितीही आवडलेलं असलं तरी.

प्रदर्शनाची पट्टी करत असाल तर तीन ओळी: मूळ छापील ओळ अवतरणात सालासकट, तिच्याखाली तुमचं वर्णन, आणि माणसाचं नाव मिळालं असेल तर ते सगळ्यांत मोठ्या अक्षरात. मोजमापाचे उघडे फोटो भिंतभर मोठे करू नका. एकदा जाळीपुढे उभं केलेल्या माणसाला तुम्ही परत उभं करताय. छोटं ठेवा, शक्यतो वहीत ठेवा, आणि ज्या समाजाचा फोटो आहे त्यातल्या दोघा-तिघांना आधी दाखवून विचारा. ते नको म्हणाले तर नको.

पट्टीचा मजकूर मोठ्यानं वाचून घ्या, सालं दोनदा ताडा. आणि फ्लेक्सवाल्याला फाइल देताना ‘मागं काही टाकू नये, चेहरा उजळ करू नये’ असं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलंत तर सकाळी फोटोमागं सूर्यास्त येतो आणि बाई दोन छटा गोरी होते.